प्रयोगशाळेत वाढवलेलं चामडं: लातूरच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "सर, मी लातूरला बायोटेक्नॉलॉजीच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आजोबा कातडी कमवायचे. वडिलांचं उदगीरला चप्पल-बुटाचं छोटं दुकान आहे, दुरुस्तीही करतात. जनावर न मारता त्याच्या पेशी वाढवून चामडं करतात असं वाचलं. ते खरंच चामडं असतं का? दहा-पंधरा लाखांत आपल्याकडं सुरू करता येईल का? घरचे म्हणतात, मोठ्या मुश्किलीनं त्या कातड्यातून बाहेर पडलो, शिकून परत तिथंच कशाला?"

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोठा आहे. पण मधल्या गोष्टी कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येणार नाही, म्हणून तो मागं ठेवतो.

मी बावीस वर्षं पेशी वाढवतोय. पहिली बारा वर्षं भाजलेल्या रुग्णांसाठी त्वचा वाढवण्याच्या कामात गेली, नंतरची चामड्याच्या. पेशींची भाषा मला आधी आली, कातड्याची फार उशिरा. ज्या चुका झाल्या त्या जवळजवळ सगळ्या दुसरी भाषा न आल्यामुळं झाल्या. हे उत्तर लांबणार आहे ते त्या चुकांमुळंच.

आधी चामडं म्हणजे काय ते बघ. जनावराच्या कातडीला तीन थर. वर केसांसकट पातळ साल, खाली मांसाला चिकटलेला चरबीचा थर, आणि मधे जाड, पांढरा, चिवट थर. कातडं कमावताना वरचा थर चुन्यात जातो, खालचा खरवडून काढतात आणि मधला ठेवतात. हा मधला थर जवळजवळ सगळा कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो. पेशी त्यात तुरळक, आणि कमावल्यावर त्यांचं काहीच काम उरत नाही. म्हणजे तुझ्या पायातल्या चपलेत पेशी नाहीत, पेशींनी विणून ठेवलेलं कापड आहे. पैठणी घरात राहते, विणकर आपल्या घरी जातो, तसं.

हे ध्यानात आलं की प्रयोगशाळेतल्या चामड्याचं सगळं गणित सोपं होतं. आपल्याला विणकर पाळायचा आहे, त्याला सूत द्यायचं आहे आणि त्याच्याकडून कापड विणून घ्यायचं आहे. विणकराचं नाव फायब्रोब्लास्ट.

तो मिळवणं फारसं अवघड नाही. जनावराच्या कानाच्या कडेचा डाळीएवढा तुकडा पुरतो. देवणी बैल असो, लाल कंधारी गाय असो की उस्मानाबादी शेळी, त्याला त्याचा त्रास कानात बिल्ला मारण्याइतका. तुकडा आधी अल्कोहोलमधून, मग प्रतिजैविकांच्या पाण्यातून काढायचा, ब्लेडनं बारीक चिरायचा आणि प्लास्टिकच्या फ्लास्कच्या तळाला चिकटवून वरून मीडियम घालायचं. मीडियम म्हणजे साखर, क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि बहुतेक वेळा दहा टक्के सिरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरणारं पाणी. 37 अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. आठवडाभरात तुकड्याच्या कडेनं लांबट, दोन्हीकडं टोकदार पेशी रांगत बाहेर येतात. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा बघशील तेव्हा ओढ्यातल्या मासोळ्यांचा थवा एका दिशेनं निघालाय असं वाटेल. मला अजूनही वाटतं.

फ्लास्क भरत आला की ट्रिप्सिन या विकरानं पेशी तळापासून सोडवायच्या आणि जास्त फ्लास्कमध्ये वाटून द्यायच्या. अशा त्या दुप्पट होत जातात. सगळ्या बातम्या इथंच फसवतात. एका पेशीच्या 30 दुपटी झाल्या तर 107 कोटी पेशी होतात, हे गणित खरं आहे. 'एका तुकड्यातून गावभर चामडं' हे वाक्य त्यातूनच येतं. पण आता जागा मोज. तळाला दाटीनं बसल्या तर एका चौरस सेंटिमीटरवर साधारण 40 ते 50 हजार पेशी मावतात. एक चौरस फूट म्हणजे 929 चौरस सेंटिमीटर. म्हणजे 107 कोटी पेशींचा एक थर अंथरला तर पंचवीसेक चौरस फूट भरतात, आणि तो थर इतका पातळ की डोळ्यांना दिसायचाही नाही. नेहमीचा मोठा फ्लास्क 75 चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणून एका चौरस फुटाला साडेबारा फ्लास्क लागतात. शेळीचं कातडं पाच चौरस फूट धर, तर बासष्ट. दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येकाचं मीडियम बदलायचं. शिवाय या पेशी कायम दुप्पट होत राहत नाहीत. माणसाच्या गर्भातल्या फायब्रोब्लास्टवर लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी 1961 साली दाखवून दिलं की 40 ते 60 दुपटींनंतर त्या थांबतात. जनावराच्या पेशींचंही तसंच, आकडा थोडा इकडंतिकडं. थांबायच्या आधीच त्या सुस्तावतात, पसरट होतात आणि कोलॅजन नीट करत नाहीत. म्हणून पहिल्या काही दुपटींतल्या पेशी गोठवून ठेवायच्या आणि लागतील तशा काढायच्या.

जागा भरली. आता विणायला लावायचं. त्याची किल्ली क जीवनसत्त्व. कोलॅजनचा धागा तीन पदरांचा असतो आणि ते पदर एकमेकांत नीट गुंफायला क जीवनसत्त्व लागतंच. ते मिळालं नाही की जुन्या काळच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त यायचं आणि जुन्या जखमा परत उघडायच्या, त्याचं कारण हेच. फ्लास्कमध्येही क जीवनसत्त्व नसेल तर पेशी मजेत वाढतात, पण कापड विणत नाहीत. नव्या मुलांची ही पहिली चूक असते. सहा आठवडे मीडियम बदलायचं, सूक्ष्मदर्शकात सगळं छान दिसतं, आणि शेवटी चिमट्यानं उचलायला जावं तर हातात काहीच येत नाही. क जीवनसत्त्व मीडियममध्ये दोन दिवसांतच उडून जातं, म्हणून त्याचं टिकाऊ रूप वापरायचं किंवा ताजं घालत राहायचं.

सगळं नीट झालं तर दीड-दोन महिन्यांत वहीच्या कागदाएवढा जाड, दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा मिळतो. पण इथं विणकर खोडी करतो. फायब्रोब्लास्टला ओढायची सवय असते. अंगावरची जखम आकसत जाऊन भरते ती याच पेशींच्या ओढीनं. माझा पहिला चांगला पापुद्रा तयार झाला तेव्हा मी शनिवारी संध्याकाळी खुशीत घरी गेलो. सोमवारी येऊन बघतो तर त्यानं सगळे काठ सोडलेले आणि तो मधोमध गोळा झालेला, तळलेल्या पापडासारखा. कातडं वाळवताना चारही बाजूंनी खुंट्या मारून ताणतात ते मी लहानपणी वेशीबाहेर रोज बघायचो, तरी ते इथं लागू पडतं हे सुचायला गोळा व्हावा लागला. पुढं आम्ही कडेला जाळीची चौकट ठेवायला लागलो. ताणाखाली ठेवलं की धागे ताणाच्या दिशेनं लागतात आणि पापुद्रा बळकटही होतो, हा वरचा फायदा.

मग जाडी का वाढवत नाही? कारण पेशीला प्राणवायू लागतो, आणि रक्तवाहिनी नसलेल्या ऊतीत तो एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पुढं पोचत नाही. चपलेचा पट्टा दीड-दोन मिलिमीटरचा, तळ त्याहून कितीतरी जाड. म्हणून दोन वाटा आहेत. एक, पातळ पापुद्रे एकावर एक रचून एकजीव करायचे. पट्ट्यासाठी पंधरा-वीस थर लागतील. दुसरी, कोलॅजनचा किंवा सुताचा सच्छिद्र सांगाडा घेऊन त्यातून मीडियम खेळतं ठेवायचं आणि पेशींना त्याची छिद्रं भरायला लावायची. पेशींपासून मांस वाढवणाऱ्यांपेक्षा चामडेवाल्यांचं एक बरं आहे. मांसाला चव लागते, स्नायू लागतो, चरबी लागते. चामड्याला शेवटी जिवंत पेशी नकोच असतात. त्यांनी विणून ठेवलं आणि मेल्या तरी चालतं.

आता सगळ्यात अवघड भाग, ज्याबद्दल व्हिडिओत कोणी बोलत नाही. कापड झालं, पण वीण कुठाय?

हलगी आठव. वाजवायच्या आधी ती शेकोटीवर धरतात. आचेनं कातड्यातली ओल जाते, धागे आखडतात, पान टणक होतं आणि टिपरीला आवाज खणखणीत येतो. हे जमतं कारण त्या कातड्यात धागे सगळ्या दिशांनी, वरून खाली तिरपे, एकमेकांखालून गेलेले असतात. ताण कुठूनही आला तरी तो शंभर धाग्यांत वाटला जातो. जनावर चालतं, बसतं, वाढतं, उन्हात तापतं, तसतशी ती वीण दोन-तीन वर्षं घट्ट होत जाते. एकाच कातड्यात पाठीची वीण दाट आणि पोटाची सैल असते. तुझ्या आजोबांना हे हातानं कळायचं, म्हणून तळ पाठीच्या कातड्यातून काढायचे आणि पोटाचं कमी ताणाच्या कामाला वापरायचे. वरच्या बाजूला केसांच्या मुळांनी पडलेला दाणा असतो. शेळी, म्हैस आणि गाय दाण्यावरून ओळखता येतात.

प्रयोगशाळेतल्या पापुद्र्यात धागे बहुतेक सपाट, एका पातळीत. जाडीच्या दिशेनं बांधणारे फार कमी. म्हणून थर रचून केलेलं चामडं हातात गोड लागतं, पण शिवण घातली आणि ओढलं की दोऱ्याच्या भोकापासून फाटतं, किंवा पुस्तकाच्या पानांसारखे थर सुटतात. दाणा नसतोच. गरम साच्यानं वर उमटवता येतो, पण ते रेक्झिनवरही उमटवता येतं. मी एकदा हौसेनं अडीच इंचांचा तुकडा एका हलगीवाल्याला दिला होता. त्यानं तो कच्चाच ताणला, शेकला, दोन बोटं मारली आणि म्हणाला, "साहेब, हे ओल्या पापडाचं हाय." दुसऱ्या टिपरीला फाटला. यंत्रावर ओढून मी जो आकडा काढला असता तो त्यानं दोन बोटांत सांगितला.

आता कमावण्याकडं. पापुद्रा कमावल्याशिवाय तो चामडं नव्हे. ओला ठेवला तर सडेल, वाळवला तर पत्र्यासारखा होईल. कच्चं कोलॅजन पाण्यात साठ-पासष्ट अंशांना आकसतं. वनस्पतीच्या सालीत कमावलं तर सत्तर-पंच्याऐंशीपर्यंत तग धरतं. क्रोमनं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारानं, कमावलेलं उकळत्या पाण्यातही टिकतं. पापुद्र्याचा मोठा फायदा असा की केस, चरबी आणि मांस नाही, म्हणून मीठ लावून साठवणं, चुना, सोडियम सल्फाइड, केस काढणं, खरवडणं हे सगळं गळतं. टॅनरीतली, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्यातली, घाण बरीचशी इथंच तयार होते, त्यामुळं हा फायदा दिसतो त्याहून मोठा आहे.

पण मी काय केलं? पुस्तकातला क्रम घेतला. पुस्तक म्हणतं, क्रोमच्या आधी आम्लात भिजवा, म्हणून आम्लात टाकला. अर्ध्या तासात पापुद्रा फुगला, मग पारदर्शक झाला, मग हलव्यासारखा थरथरायला लागला. दोन महिन्यांचं काम चमच्यानं काढावं लागलं. कारण नंतर कळलं. जनावराच्या कातड्यात धाग्याधाग्यांमधले सांधे वर्षानुवर्षं पक्के झालेले असतात. दोन महिन्यांच्या कोलॅजनमध्ये ते थोडेच असतात, म्हणून ते आम्लात सरळ विरघळतं. शिवाय फुगू नये म्हणून आम्लाबरोबर मीठ किती घालायचं याचाही अंदाज मोठ्या कातड्यांवरून घेतलेला होता.

उपाय एका म्हाताऱ्या कारागिरानं सांगितला. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावणारा माणूस. कातडं शिवून पखालीसारखी पिशवी करायची, टांगायची, आत साल भरायची आणि पाणी झिरपू द्यायचं, अशा पद्धतीनं काम केलेला. तो म्हणाला, "आधी जुनं पाणी, मग नवं पाणी. नव्या पाण्यात कोवळं कातडं टाकलं तर वरून मरतं आणि आतून कच्चं राहतं." म्हणजे आधी वापरून फिकट झालेल्या सालीच्या पाण्यात ठेवायचं आणि मग दर काही दिवसांनी अधिक तेज पाण्यात न्यायचं. रसायनशास्त्रात याचं स्पष्टीकरण आहे: सालीतलं तुरट द्रव्य, म्हणजे टॅनिन, तेज असलं की वरच्या धाग्यांना लगेच चिकटून दार बंद करतं आणि आत जायला वाट उरत नाही. मला ते स्पष्टीकरण पाठ होतं. त्याचा उपयोग कुठं करायचा ते माहीत नव्हतं. आम्ही आम्ल सोडलं, सालीच्या फिकट पाण्यापासून सुरुवात केली, आणि पहिल्यांदा हातात घडी घालता येईल असं काहीतरी आलं. मग तेल. वाळताना धागे एकमेकांना चिकटून कडक होऊ नयेत म्हणून तेल पाजावं लागतं, तेही त्यानंच दाखवलं.

'जनावर न मारता' याबद्दल स्पष्ट सांगतो, कारण तू पुढं कुणाला तरी हेच सांगून पैसे मागशील. मीडियममधलं दहा टक्के सिरम सहसा गाभण गायीच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचं असतं, कत्तलखान्यातून गोळा केलेलं, आणि बहुतेक परदेशातून येणारं. आपल्याकडं महाराष्ट्रात 1976 च्या कायद्यानं गोहत्येवर बंदी आहे आणि 2015 च्या दुरुस्तीनं बैल-वळूही त्यात आले. तरी प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये हे सिरम असतंच. सिरमशिवाय मीडियम करता येतं. त्यात वाढीची प्रथिनं वेगळी, जिवाणूंत किंवा यीस्टमध्ये तयार करून घालतात. पण महाग पडतं, आणि प्रत्येक जातीच्या पेशींना ते नव्यानं जुळवावं लागतं. ज्याचं काम सिरमवर चाललंय त्यानं 'अहिंसक चामडं' असं पाकिटावर छापू नये, एवढंच माझं म्हणणं.

जगात कुठवर आलंय? ही विद्या मुळात दवाखान्यातून आली. हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवाल्ड यांनी 1975 मध्ये माणसाच्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी वाढवून दाखवल्या, आणि अ‍ॅप्लिग्राफ नावाच्या तयार त्वचेला अमेरिकेत 1998 मध्ये परवानगी मिळाली. चामड्याकडं पहिलं लक्ष वेधलं ते कलाकारांनी. ऑस्ट्रेलियातल्या ओरॉन कॅट्स आणि इओनाट झुर यांनी 2004 मध्ये पेशींचं बाहुलीला बसेल एवढं जाकीट काचेच्या भांड्यात वाढवलं. 2008 मध्ये ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ठेवलं तेव्हा पेशी इतक्या वाढल्या की नळ्या तुंबायला लागल्या आणि शेवटी ते बंद करावं लागलं. मला ती गोष्ट फार आवडते, कारण पेशीवाल्याची एरवीची तक्रार बरोबर उलटी असते.

कंपन्यांत, मॉडर्न मेडो 2011 मध्ये जनावरांच्या पेशींपासून सुरू झाली आणि मग यीस्टकडून कोलॅजन बनवून घेण्याकडं वळली. असं का, ते वरचं फ्लास्कचं गणित केलं की कळतं. कॅलिफोर्नियातल्या व्हिट्रोलॅब्जला 2022 मध्ये 4 कोटी 60 लाख डॉलर मिळाले, त्यात उंची फॅशनवाली केरिंग आणि अभिनेता लिओनार्डो डिकॅप्रिओ होते. 2013 मध्ये लंडनमध्ये पेशींपासूनचा बर्गर खाऊ घालणारे मार्क पोस्ट नेदरलँड्समध्ये क्वोरियम या चामड्याच्या कंपनीच्या संस्थापकांत आहेत. 2025 मध्ये टी-रेक्स डायनासोरच्या कोलॅजनवरून चामडं करणार अशी घोषणा झाली. ती वाचून हसावं. त्या डायनासोरच्या कोलॅजनचे जे तुकडे मिळाल्याचा दावा आहे ते हाडातले, कातडीचे नव्हेत. बुरशीपासूनचं, निवडुंगाचं, कानपूरला देवळातल्या फुलांपासूनचं, ही सगळी वेगळी बिऱ्हाडं. त्यांत जनावराची पेशी नसते. ग्राहकाला हे सगळं एकच म्हणून सांगू नको.

नावाचाही प्रश्न आहे. चामड्याच्या धंद्यातली व्याख्या अशी की मूळ कातड्याची तंतुरचना बरीचशी शाबूत ठेवून, सडणार नाही असं कमावलेलं ते चामडं. इटलीनं 2020 मध्ये कायदाच केला की जनावराच्या कातड्याशिवाय दुसऱ्या कशाला हा शब्द लावायचा नाही. तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं: रसायनाच्या दृष्टीनं हो, तेच कोलॅजन. कारागिराच्या दृष्टीनं अजून नाही, कारण वीण नाही. विकताना तू त्याला काय म्हणतोस ते कुठल्या देशात विकतोस त्यावर.

पाण्याचं बोलल्याशिवाय मराठवाड्यातलं उत्तर पुरं होत नाही. एका किलो कच्च्या कातड्याला साधारण तीस-चाळीस लिटर पाणी लागतं, आणि ते बाहेर पडताना चुना, मीठ आणि सल्फाइड घेऊन पडतं. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते तू शाळेत असताना पाहिलं असशील. अशा जागी नवी टॅनरी काढणं मला कधीच पटलं नाही. पापुद्र्याचं पाणी कमी लागतं हे खरं, पण मीडियमला अतिशुद्ध पाणी लागतं, आणि ते बनवताना बरंच पाणी बाजूला टाकावं लागतं. शिवाय वीज. पेशी चोवीस तास 37 अंशांवर ठेवायच्या म्हणजे वीज कधी गेली तरी चालणार नाही.

आता दहा-पंधरा लाख. यात हूड (निर्जंतुक हवेत काम करायची पेटी), एक इन्क्युबेटर (पेशी ऊबेत ठेवायचं कपाट), सूक्ष्मदर्शक, ऑटोक्लेव्ह, सेंट्रिफ्यूज आणि पहिल्या काही महिन्यांचा खर्च भागेल. विकण्याजोगं चामडं यातून निघणार नाही. एका चौरस फुटाला बाजारात जे मिळतं त्यात सिरम सोड, फ्लास्कची झाकणंही येत नाहीत. चामड्याचा कारखाना म्हणून काढशील तर वर्षभरात पैसे संपतील आणि हातात रुमालाएवढा तुकडा असेल.

पण त्याच पैशात, किंवा त्याहून कमीत, दुसरं होण्यासारखं आहे, आणि ते लातूर-उदगीरलाच होऊ शकतं. देवणी आणि लाल कंधारी ही आपली जनावरं, उस्मानाबादी शेळी आपली. त्यांच्या त्वचेच्या पेशी नीट काढून, कितवी दुपट आहे ते लिहून, तपासून गोठवलेला साठा हवा आहे. द्रव नायट्रोजन -196 अंशांना असतो आणि तो तुझ्या तालुक्यात आत्ताही मिळतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कॅनमध्ये येतात तोच. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तुकडा काढायला त्यांची नैतिकता समितीची परवानगी आणि त्यांचा हात, दोन्ही लागतील. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावर बघून मालकाशी बोलून ठेव, पण स्वतः ब्लेड चालवू नको. पेशी सांभाळायचं काम पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात बघून ये. चामडं म्हणजे काय हे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेत शिक. ती 1948 पासून आहे. पेशी कुठंही शिकता येतील. कातडं शिकायचं तर पहिल्यांदा तिकडंच जा.

आणि कमावणं. पातळ, कोवळं, कमी सांध्याचं कोलॅजन सावकाश कसं कमवायचं, हा परदेशातल्या पेशीवाल्यांचाही अडलेला प्रश्न आहे. बाभूळ आणि तरवड आपल्या माळावर उभे आहेत. यासाठी आधी पेशी वाढवायचीही गरज नाही. शेळीच्या कातडीचा पातळ काप घे, तोच तुझा कामचलाऊ पापुद्रा. सालीच्या पाण्याच्या पाच-सहा तीव्रता कर, रोज एक तुकडा काढून पाण्यात तापव आणि किती अंशांना आकसतो ते लिही. हायड्रॉक्सीप्रोलीन या कोलॅजनमधल्या अमिनो आम्लाची रंगाची चाचणी कॉलेजच्या साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर होते, त्यातून कोलॅजन किती ते कळतं. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला हे भरपूर आहे, खर्चही काही हजारांतच.

घरच्यांचं म्हणणं. मी त्याच्या विरुद्ध युक्तिवाद करणार नाही. वेशीबाहेरचं घर, अंगाला येणारा वास आणि गावानं त्यावरून घेतलेली जात, हे ज्यानं भोगलं त्याला 'आता हे विज्ञान झालंय' असं सांगणं मला जमत नाही. बाबासाहेबांनी मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, 1950 मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढलं, आणि त्यातून माझ्यासारखे बाहेर पडले. फक्त एक गोष्ट मला डाचते. ज्या कारागिरानं मला जुनं पाणी-नवं पाणी शिकवलं त्याचं नाव आमच्या एकाही अहवालात नाही. माझंही चुकलं. सूक्ष्मदर्शकाच्या बाजूला बसणारं कोणी त्याच्या घरातलं असतं तर ते झालं नसतं. तू रापी हातात घ्यायची की नाही हे तुझं आणि तुझ्या वडिलांचं. पण आजोबा असतील तर त्यांच्याशी बसून साल किती, कुठल्या वयाच्या बाभळीची, पाणी किती दिवसांनी बदलायचं, तेल कुठलं, हे वजनासकट लिहून घे. वर तुझ्या नावाच्या आधी त्यांचं नाव लिही.

दुकानाची काळजी करू नको. वडिलांच्या धंद्याला जे नडायचं ते रेक्झिननं आणि तयार बुटांनी आधीच नडलंय. पेशींचं चामडं पुढची काही वर्षं श्रीमंतांच्या घड्याळाच्या पट्ट्यांत आणि पाकिटांतच अडकून राहील, असा माझा अंदाज आहे. उदगीरच्या बाजारात कोणी ते मागणार नाही.

शेवटची गोष्ट इन्क्युबेटरची, कारण ही कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. साधा इन्क्युबेटर खोलीपेक्षा गरम करू शकतो, गार करू शकत नाही. खोली 37 च्या निदान पाच अंश खाली असावी लागते. 2007 च्या मे महिन्यात आमच्याकडं रोजचं भारनियमन होतं. जनरेटरवर इन्क्युबेटर होता, पण एसी नव्हता, कारण कोणालातरी वाटलं की गरम ठेवायचं यंत्र उन्हाळ्यात चालणारच. दुपारी खोली 42 वर गेली, इन्क्युबेटर त्याहून वर, आणि सात आठवड्यांचे त्वचेचे बावीस पापुद्रे संध्याकाळपर्यंत गेले. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा ताप, हूडच्या फिल्टरवर बुरशी. म्हणून दिवाळीनंतर सुरू कर आणि पहिली फेरी मार्चच्या आत संपव.